नव्या परिचारिकेने आजारी पडू नये: एका अटीचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ माझ्या मावसबहिणीला गेल्या वर्षी एका खासगी रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली. नियुक्तिपत्र तिने मला वाचायला दिले, कारण इतिहास शिकणाऱ्याला मोडीतील कागद लागतात तर इंग्रजी कलमेही लागतीलच, असा आमच्या घरात समज आहे. मधल्या एका कलमात एकच ओळ होती: परिविक्षेच्या पहिल्या सहा महिन्यांत आजारपणाची भरपगारी रजा देय राहणार नाही. दुसऱ्याच महिन्यात तिला ताप आला. दोन दिवसांचा पगार गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती पॅरासिटामॉल घेऊन रात्रपाळीला गेली. पाळी बालरुग्ण कक्षात होती.

२/ "दादा, हा नियम काढला तरी कोणी?" असे तिने नंतर विचारले. मी सहज म्हणालो, "बघतो." त्या 'बघतो'चा हा धागा झाला. मित्रहो, धागा लांब आहे, सवडीने वाचा.

३/ या अटीचा उगम रुग्णालयात नाही. तो आहे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या दारूगुत्त्यांच्या माडीवर. तेथे विणकर, सुतार, खाणकामगार दर आठवड्याला थोडे पैसे जमवीत आणि सभासद आजारी पडला की त्याला त्या पेटीतून भत्ता देत. या संस्थांना 'मित्रमंडळे' म्हणावे, तर आपल्या डोळ्यांसमोर गणपतीचा मांडव उभा राहतो. म्हणून आपण 'साहाय्यक मंडळ्या' म्हणू. आपल्या भिशीचा आजारपणासाठी घेतलेला अवतार म्हटले तरी चालेल. पेटीला बहुधा तीन कुलुपे असत आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे, म्हणजे एकट्याला ती उघडता येऊ नये. १७९३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून या मंडळ्यांना मान्यता दिली.

४/ या पेटीला खरी भीती चोराची नव्हती, नव्या सभासदाची होती. ज्याला आधीच खोकला लागला आहे, छातीत दुखते आहे, असा मनुष्य मंडळीत शिरेल, दोन हप्ते भरेल आणि मग वर्षभर भत्ता खात बसेल. शंभर-दीडशे सभासदांच्या पेटीला असे तीन-चार जण बुडवू शकत. म्हणून प्रवेशाआधी प्रकृतीची चौकशी, वयाची मर्यादा, आणि प्रवेशानंतर सहा महिने किंवा वर्षभर वर्गणी भरायची पण भत्ता मागायचा नाही, असे नियम आले. त्यावरही समाधान नसे. आजारी सभासदाच्या घरी मंडळीचा माणूस डोकावून येई: रुग्ण खरोखर अंथरुणात आहे की बागेत कोबी लावतो आहे?

५/ या नियमांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ते गरिबांनी आपल्याच तुटपुंज्या पैशाच्या रक्षणासाठी केले होते, हे विसरू नये. मंडळीत केव्हा शिरायचे हे शिरणाऱ्याच्या हाती होते. म्हणून त्याच्या हेतूवर संशय घेण्याला काही आधार होता. पुढची सगळी गोष्ट हा आधार सुटल्यानंतर उरलेल्या संशयाची आहे.

६/ १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांचा आजारपणाचा विमा सक्तीचा केला. आजारी कामगाराला तिसऱ्या दिवसापासून, जास्तीत जास्त तेरा आठवडे, सर्वसाधारणपणे निम्मी मजुरी मिळे. सक्ती आली की चित्र पालटते. कारखान्यात लागलेला मनुष्य विम्यासाठी लागलेला नसतो. पोटासाठी लागलेला असतो. त्याने वेळ साधून प्रवेश केला, असे म्हणायला जागाच उरत नाही.

७/ तरीही १९११ चा ब्रिटिश राष्ट्रीय विमा कायदा पाहा. तोही सक्तीचाच. लॉइड जॉर्जने तो गाजावाजा करून आणला: कामगाराचे ४ पेन्स, मालकाचे ३, सरकारचे २. भत्ता पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग, स्त्रीला साडेसात. पण आधी २६ आठवड्यांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्यानंतरही प्रत्येक आजारपणाचे पहिले तीन दिवस कोरडे. वर्गणी १५ जुलै १९१२ ला सुरू झाली. भत्त्याची दारे जानेवारी १९१३ मध्ये उघडली.

८/ सक्तीच्या योजनेत सहा महिन्यांची वाट कशासाठी? योजनेचा निधी आधी साठावा लागतो, हे एक उत्तर. मला दुसरे अधिक पटते. सरकारने ही योजना चालवायला दिली ती 'मान्यताप्राप्त संस्थां'कडे, आणि त्यांत त्याच जुन्या साहाय्यक मंडळ्या होत्या. पेटी सरकारी झाली, पण किल्ल्या धरणारे हात तेच राहिले. त्या हातांची सवय कायद्यात उतरली.

९/ संशयही उतरला. भत्ते सुरू होऊन वर्षही झाले नाही तोच ओरड झाली की स्त्रिया अपेक्षेपेक्षा फार जास्त आजारपण मागत आहेत. चौकशी समिती नेमली गेली. कामगार संघटनेच्या नेत्या मेरी मॅकार्थर त्या समितीवर होत्या. १९१४ मध्ये त्यांनी बहुमतापासून वेगळे मत नोंदवले. स्त्रिया सोंग करीत नाहीत, त्या खरोखर आजारी आहेत; तुटपुंजे वेतन आणि कष्ट यांनी आजारी आहेत; आजवर त्यांचे आजारपण कोणी मोजलेच नव्हते, असा त्याचा आशय. हे मत मुद्दाम लक्षात ठेवा. दहा वर्षांनी ऑस्लोतील एक डॉक्टर त्याच्या अगदी जवळ येणार आहे, तोही टोचण्यांच्या नोंदवहीतून.

१०/ आता रुग्णालयात येऊ. जून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. नव्या मुलीला आधी महिनाभर पारखून घेत, मग वर्षभर शिक्षण. तिचे अधिकृत नाव होते 'प्रोबेशनर'. आपल्या 'परिविक्षाधीन'चे इंग्रजी मूळ हेच. आज बँकेतील कारकुनापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळे काही काळ प्रोबेशनवर असतात. पण परिचर्येत हे कित्येक पिढ्या नवशिकीचे सरळ नावच होते.

११/ ही प्रोबेशनर रुग्णालयाच्याच आवारात राही. आजारी पडली तर मेट्रनच्या देखरेखीखाली तिथेच तिच्यावर उपचार होत, म्हणजे वरवर पाहता ती बाहेरच्या कामगारापेक्षा सुखी. पण ब्रिटन-अमेरिकेतील प्रशिक्षणशाळांत हळूहळू एक नियम सर्वत्र रुळला: आजारपणात बुडलेले दिवस शिक्षणाच्या शेवटी भरून द्यावे लागत. आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हे सांगायला नको. आजारपण हे परिचारिकेवरचे कर्ज आहे आणि ते तिने फेडायचे आहे, हा त्यामागचा हिशेब.

१२/ आणि त्या काळी परिचारिकेचे आजारपण म्हणजे बऱ्याचदा क्षय. नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षे होतात, आणि विशीतली धडधाकट मुलगी खोकू लागते. वैद्यकाचे तेव्हाचे प्रचलित मत काय होते? क्षयाची लागण माणसाला लहानपणीच होते. मोठेपणी उफाळतो तो तोच दबलेला रोग. म्हणजे परिचारिकेने क्षय रुग्णालयातून घेतला नाही, घरून आणला. पेटीवाल्यांचा जुना संशय येथे विज्ञानाचा अंगरखा घालून उभा राहिला: नवी आलेली व्यक्ती रोग बरोबर घेऊन येते.

१३/ १९२४. ऑस्लोचे उल्लेव्होल रुग्णालय. योहानेस हाइमबेक नावाच्या डॉक्टरने ठरवले की शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीची ट्यूबरक्युलिन चाचणी करायची. त्वचेत औषध टोचायचे. ती जागा सुजली तर क्षयजंतूंशी आधी गाठ पडलेली आहे, नाही सुजली तर पडलेली नाही. मग तीच चाचणी शिक्षणकाळात पुन्हा पुन्हा करायची आणि कोण आजारी पडते ते लिहून ठेवायचे. यात यंत्र नाही, मोठा खर्च नाही. चिकाटी आणि एक वही.

१४/ प्रचलित मत खरे असते, तर विशीतल्या जवळजवळ सर्वच मुलींची चाचणी पहिल्या दिवशी सकारात्मक यायला हवी होती. आली साधारण निम्म्यांची. उरलेल्या निम्म्या कोऱ्या होत्या. क्षय त्यांना शिवलाही नव्हता. तीन वर्षांचे शिक्षण संपेपर्यंत त्या कोऱ्यांपैकीही जवळजवळ सगळ्या सकारात्मक झाल्या. लागण रुग्णालयात झाली होती, कक्षात, रुग्णांच्या खाटांपाशी.

१५/ त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. प्रत्यक्ष क्षयाने आजारी कोण पडले? जुना तर्क सांगे की ज्यांच्यात रोग आधीपासून दबलेला आहे त्या. वहीने उलटे सांगितले. आजारी पडणाऱ्यांत फार मोठा भाग होता कोऱ्या आलेल्या मुलींचा. ज्या पूर्ण निरोगी आल्या, त्यांनाच कामाने आजारी पाडले.

१६/ हा धागा लिहिण्याचे कारण हेच आहे. प्रतीक्षाकाळाची अट गृहीत धरते की पहिल्या काही महिन्यांतील आजारपण हे मनुष्याने बाहेरून आणलेले असते. परिचारिकेच्या बाबतीत नोकरीचे सुरुवातीचे महिने हेच नव्या जंतूंशी पहिल्या भेटीचे महिने. दुसऱ्या कोणत्याही धंद्यात ही अट निदान निरुपद्रवी चूक म्हणून खपेल. येथे मात्र ती नेमकी धोक्याच्या काळावर बेतून शिवल्यासारखी बसते. भरीला, आजारी परिचारिका कामावर आली तर तिच्या तापाचा हिशेब खाटेवरच्या माणसाला चुकवावा लागतो.

१७/ हाइमबेकने १९२७ पासून कोऱ्या मुलींना बीसीजी लस द्यायला सुरुवात केली. (दंडावरचा तो गोल व्रण आपल्यापैकी बहुतेकांना आहे, त्याच्या इतिहासात ऑस्लोच्या या मुली आहेत.) लंडनमध्ये १९३५ ते १९४४ या काळात प्रॉफिट सर्वेक्षण झाले. हजारो तरुणांची, त्यांत मोठ्या संख्येने परिचारिकांची, पाहणी करून त्याचा अहवाल १९४८ मध्ये आला. त्यातही कोऱ्या येणाऱ्या परिचारिकांना धोका अधिक असल्याचेच दिसले.

१८/ १९५१ मध्ये ब्रिटनने परिचर्येतील क्षयाला व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातले. त्या नियमांतही एक प्रतीक्षाकाळ आहे, आणि तो वाचून मला मौज वाटली. आजार नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरण्यासाठी तो कामाला लागल्यापासून किमान सहा आठवड्यांनी सुरू झालेला हवा. हे सहा आठवडे संशयाचे नाहीत. लागण होऊन रोग दिसायला जो वेळ लागतो त्याचे आहेत. प्रतीक्षाकाळ शरीराकडे पाहूनही ठरवता येतो, तो असा.

१९/ भारतात काय झाले? १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगावर, म्हणजे कामगारविषयक शाही आयोगावर, आपले ना. म. जोशी होते. १९३१ च्या अहवालाने आजारपणाच्या विम्याचा विचार व्हावा असे म्हटले आणि कागद बराच काळ पडून राहिला. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ मध्ये, अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. अडारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम सोपवले गेले. अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. त्यातून एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपुरात योजनेचे उद्घाटन केले. प्रारंभी विमेदार सुमारे १ लाख २० हजार, तेही कानपूर आणि दिल्लीतले. नागपूर आणि मुंबईचा क्रम १९५४ मध्ये लागला.

२०/ ही योजना मुळात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी होती. खासगी रुग्णालये पुष्कळ नंतर, राज्य सरकारांच्या अधिसूचनांनी, तिच्या कक्षेत आली. गिरणीसाठी बेतलेला अंगरखा परिचारिकेला घातला गेला तो असा. त्याची मापे पाहा. १९५० च्या सर्वसाधारण विनियमांनुसार सहा महिन्यांचा 'अंशदान काळ' आणि त्याला जोडलेला सहा महिन्यांचा 'लाभ काळ', दोहोंमध्ये तीन महिन्यांची फट. प्रथमच विमेदार होणाऱ्या कर्मचाऱ्याचा लाभ काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिने संपल्यावर सुरू होतो.

२१/ नऊ महिने. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, हे योजनेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण आजारपणातील रोख भत्ता नऊ महिन्यांनंतर. तोही अंशदान काळात ७८ दिवसांचे अंशदान भरले असेल तर (नवख्यांना यात थोडी सूट आहे), वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे वगळून. मधली तीन महिन्यांची फट कशासाठी? तेव्हा अंशदानाची तिकिटे कार्डावर चिकटवीत. कार्डे गोळा करून कार्यालयात हिशेब लावायला वेळ लागे. तिकिटे गेली, कार्डे गेली, सारे संगणकावर आले. फट राहिली.

२२/ सरकारी नोकरीत चित्र वेगळे, पण भाषा ओळखीची. १९७२ च्या केंद्रीय रजा नियमांत मुळात अर्धवेतनी रजा २० दिवस, पण 'पूर्ण झालेल्या' प्रत्येक सेवावर्षामागे. म्हणजे आधी वर्ष भरा, मग आजारी पडा. पुढे ती आगाऊ जमा करण्याची पद्धत आली.

२३/ अमेरिकेत तर भरपगारी आजारपणाच्या रजेचा सार्वत्रिक राष्ट्रीय कायदाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००६ मध्ये देशातील पहिला शहरी कायदा केला. त्यात ९० दिवसांची अट. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये राज्यासाठी कायदा केला. ३० तासांच्या कामामागे एक तास रजा पहिल्या दिवसापासून साठते, वापरता मात्र येते ९० व्या दिवसापासून. मॅसॅच्युसेट्समध्येही ९० दिवस. न्यूयॉर्क शहरात आरंभी १२० दिवस होते. २०२० मध्ये ती वाट काढून टाकली. आपली असूनही हाताला न लागणारी रजा, हा प्रकार मला आजोबांच्या पितळी कुलपाच्या कपाटासारखा वाटतो. लाडू आत आहेत, दिसतातही, पण किल्ली आजोबांकडे.

२४/ मार्च २०२० मध्ये, महामारीच्या तोंडावर, अमेरिकी काँग्रेसने तातडीचा कायदा केला: पाचशेपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांत ८० तासांपर्यंत भरपगारी आजारपणाची रजा, नोकरी किती जुनी आहे हे न पाहता. पहिल्याच दिवशी लागू. प्रतीक्षाकाळ एका सहीने गेला. पण त्याच कायद्यात मालकांना एक मुभा होती: आरोग्यसेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांना यातून वगळता येईल. मजूर खात्याने त्या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयाने ती रद्द ठरवली. सप्टेंबरमध्ये व्याख्या आक्रसून पुन्हा आली. परिचारिका तिच्या आतच राहिल्या.

२५/ तुलनेसाठी एक सरळ उदाहरण. जर्मनीत १९९६ पासून नव्या कर्मचाऱ्याला पहिले चार आठवडे मालकाने आजारपणाचा पगार देणे बंधनकारक नाही. पण विमेदार कर्मचाऱ्याला त्या काळात आजारविमा निधी भत्ता देतो. मालकाचा संशय मालकापाशी, आजाऱ्याचे पोट निधीपाशी. पेटीची मूळ कल्पना याहून फार वेगळी नव्हती.

२६/ ऑस्लो जुने झाले असे कोणी म्हणेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील नर्सिंगच्या विद्यार्थिनींवरील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयजंतूंच्या नव्या लागणीचे वार्षिक प्रमाण तेथे सुमारे ८ टक्के निघाले. देशाच्या सर्वसाधारण अंदाजाच्या कितीतरी पट. हाइमबेकची वही अजून बंद झालेली नाही.

२७/ आता बहिणीकडे परत. तिच्या पगारातून पहिल्या महिन्यापासून ०.७५ टक्के अंशदान कापले जाते, रुग्णालय ३.२५ टक्के भरते. तरी रोख भत्त्याला नऊ महिने. मात्र १९४८ च्या कायद्याला एक मागचे दार होते. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या 'अ' भागात, जेथे संसर्गाचा विशेष धोका आहे अशा कामातून जडलेले संसर्गजन्य रोग होते, आणि आरोग्यसेवेचे काम तेथे स्पष्टपणे नोंदले होते. असा रोग कामावरची इजा मानला जातो, आणि इजेच्या लाभाला नऊ महिन्यांची वाट नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यावसायिक आजारांची तिसरी अनुसूची आहे. साध्या तापाला हे दार उघडत नाही. क्षय झाला तर ते ठोठावता येते.

२८/ नियुक्तिपत्रात या अनुसूचीचा उल्लेख नव्हता. मी तिला त्या पानाचे छायाचित्र पाठवले. तिने ते तिच्याबरोबर रुजू झालेल्या अकरा जणींच्या गटावर टाकले. पहिले उत्तर आले ते असे: "हे कुठे दाखवायचं? मेट्रनला की एचआरला?" तेव्हापासून त्याचा पाठपुरावा आमच्या बहिणाबाई करीत आहेत.

(धागा समाप्त)